तिसऱ्या मोटरीतला दाणा

जिजाबाईंच्या शाळेत नव्या वस्तूची पूजा झाल्याखेरीज तिला कोणी हात लावीत नसे. सासऱ्यांनी कडावजवळ ही शाळा काढली तेव्हापासूनचा हा शिरस्ता. बाईंनी तो आधी मुख्याध्यापिका म्हणून आणि आता संस्थेच्या अध्यक्षा म्हणून चाळीस वर्षे कसोशीने पाळला होता. खंडेनवमीला प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शके, शिपायाची घंटा, बागेतली फावडी असे सारे सतरंजीवर ओळीने मांडले जाई. यंदा त्या ओळीत सर्वांत पुढे होता पुण्याच्या एका संस्थेने मुलांना शिकण्यासाठी दिलेला ड्रोन.

विज्ञान शिकवणाऱ्या समिधा मॅडम चाचरतच म्हणाल्या होत्या, "बाई, याला नुसतं फूल वाहिलं तर चालेल का? मोटरी उघड्या आहेत याच्या."

"नव्या नवरीला नुसतं फूल देऊन घरात घेतात का गं?" असे म्हणून बाईंनी हळदकुंकू लावले आणि कुंकवात भिजवलेल्या बारीक कोलमच्या अक्षता ओंजळभर वरून सोडल्या. त्या अक्षतांनी ड्रोन कसा शोभून दिसला, हे त्यांनी दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितले.

त्या संस्थेने सरावासाठी आधी उसन्या दिलेल्या ड्रोनवर शिकलेल्या पाच मुलांत कोंडीचा हात सर्वांत स्थिर होता. कोंडी नववीतली, डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीची. रोज तासभर चालून शाळेत येई. कोणत्या खाचरात भात आडवे झाले आहे, कुठे पिवळे पडले आहे, याची चित्रे वरून टिपून तिने आसपासच्या शेतांचा नकाशा केला होता. अलिबागला त्याच पुण्याच्या संस्थेचे जिल्ह्याचे ड्रोन शिबिर होते. तिथे जो निवडला जाईल त्याचे पॉलिटेक्निकपर्यंतचे शिक्षण ती संस्था करणार होती. शाळेतून एकच नाव जायचे होते. समिधा मॅडमनी ते नाव कोंडीचे लिहिले होते आणि बाईंनी सही करायची तेवढी राहिली होती.

दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी पुण्याच्या त्या संस्थेचे पाहुणे ड्रोन उडताना पाहायला आले. शाळेमागच्या शेताच्या बांधावर सारी शाळा जमली. कोंडी ड्रोनपाशी उकिडवी बसली आणि तिने एकेक पाते बोटाने फिरवून कान लावला. तिसऱ्यापाशी ती थबकली.

"मॅडम, ही मोटर खरखरतेय. आज नको उडवायला."

समिधा मॅडमनी बाईंकडे पाहिले. बाईंनी पाहुण्यांकडे पाहिले. ते उन्हात कपाळ पुसत उभे होते.

"नवं यंत्र आहे, आवाज करणारच. उडव."

"पन बाई, आत काय तरी..."

"उडव म्हटलं ना!"

ड्रोन माडाच्या उंचीपर्यंत नीट गेला. मग त्याची एक बाजू कलली, आणि तो गोल गोल फिरत खाचराच्या चिखलात जाऊन पडला. त्या क्षणात बाईंना काही बोलायलाच हवे होते असे नाही. पण गप्प राहण्याची सवय त्यांना नव्हती.

"तरी मी सांगत होते," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "खेकडे धरणाऱ्या हातांत यंत्र देऊ नये."

मागच्या ओळींत हशा पिकला. पाहुण्यांपैकीही एक जण हसला. कोंडी रडली नाही. ती गुडघाभर चिखलात उतरली, ड्रोन उचलून तिने ओढणीने पुसला आणि समिधा मॅडमच्या पायांशी आणून ठेवला. त्याच दुपारी बाईंनी तिचे नाव खोडून त्या पाचांतल्याच मनालीचे घातले. मनालीचे वडील साजगावच्या कारखान्यात होते. मुलगी हुशार होती, आणि शिवाय चांगल्या घरातली होती. हे 'शिवाय' बाईंनी मनातल्या मनात म्हटले होते. पुढे आठवून त्यांना सर्वांत जास्त बोचले ते तेच.

कोंडी तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी मनाली आणि समिधा मॅडम बाईंच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाई, मला अलिबागला जायचं नाही," मनाली खाली मान घालून म्हणाली.

"का? भीती वाटते?"

"नाही. कोंडीनं त्याच दिवशी मोटर उघडली होती. मी तिथंच होते. आत तांदळाचा दाणा अडकला होता. लाल." ती थांबली. "कोणाला सांगू नको म्हणाली. बाईंची अक्षता हाय म्हणाली."

समिधा मॅडमनी सुटी केलेली मोटर टेबलावर ठेवली. तांब्याच्या तारांवर कुंकवाचा डाग होता. चिखल धुऊन गेला होता, डाग गेला नव्हता.

बाईंचा पहिला विचार फार वाईट होता. कोंडी बोलणार नाही; उरल्या या दोघीच. एकीची नोकरी माझ्या हाती आहे, दुसरीचा दाखला. हा विचार आला आणि बाईंना वाटले, आपण आपल्याच घरात चोरपावलांनी शिरलो आहोत. दाणा चुकून पडला. त्याचे काय एवढे? पण ती मुलगी बोलली होती. सर्वांसमक्ष, स्पष्ट बोलली होती, आणि आपण ते ऐकले होते.

"दाणा कुठे आहे?"

"कोंडीकडे."

"आणि कोंडी?"

"आईबरोबर कापणीला जाते, बाई. कडावच्या खालच्या अंगाला." समिधा मॅडम म्हणाल्या. मग धीर करून त्यांनी पुढे जोडले, "उद्या पाचपर्यंत नाव कळवायचं आहे."

बाई रिक्षाने निघाल्या. पुढे रिक्षा जाईना तेव्हा बांधावरून चालत गेल्या. इस्त्रीच्या सुती साडीला कुसळे चिकटली. खाचरात सातआठ जणी विळे चालवत होत्या. बाईंना पाहून कोंडीची आई जना लगबगीने उठली. तिने भाताच्या दोन पेंढ्या बांधावर टाकल्या. "बसा बाई, बसा."

बाई बसल्या नाहीत.

"कोंडी, तो दाणा तुझ्याकडे आहे?"

कोंडीने विळा खाली ठेवला. ओढणीच्या टोकाची गाठ सोडून तिने वहीच्या कागदाची पुडी काढली. "पूजेचा हाय. टाकायचा कसा? कुनाच्या पायाखाली आला असता."

बाईंनी पुडी हातात घेतली. "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं ना, बाई. उडवायच्या आदी."

विळे थांबले. कापणीच्या बायका आता उघडउघड ऐकत होत्या. त्यांतली म्हातारी गंगाबाई दरसाल पावसाळ्यात बाईंच्या दारी खेकडे विकायला येई. तिने कमरेवर हात ठेवले.

"काय वो बाई, आमी धरलेल्या खेकड्यांचा रस्सा तर वाटी वाटी वरपता. मंग हात कदी वंगाळ झालं आमचं?"

"गप गं म्हातारे!" जना कळवळली.

"बोलू दे तिला, जना." बाई कोंडीकडे वळल्या. "कोंडी, माझी चूक झाली. तुझं नाव मी पुन्हा..."

"हितं नका बोलू, बाई," कोंडी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. गणिताची पायरी चुकली की ती अशीच सांगे. "हितं कुनी हसलं नव्हतं. शाळंत बोला."

"ए कोंडे! बाईंशी असं बोलत्यात का गं?" जना ओरडली.

"बरोबर बोलते आहे ती," बाई म्हणाल्या आणि वळल्या. परतीच्या वाटेवर त्या दोनदा बांधावरून घसरल्या. दोन्ही वेळा आधाराला कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी कोंडी आली. प्रार्थना संपली आणि बाई ओट्यावर उभ्या राहिल्या. या ओट्यावरून त्यांनी दोन पिढ्यांचे कान उपटले होते. घरून येताना त्यांनी काही भारदस्त वाक्ये जुळवली होती: आपली परंपरा, श्रद्धा, काळाची गरज. समोर ओळीच्या टोकाला कोंडी दिसली आणि ती वाक्ये निर्लज्ज वाटू लागली.

"त्या दिवशी ड्रोन पडला तो माझ्या अक्षतांमुळे. मोटर बिघडली आहे हे कोंडीने मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि पडल्यावर मी तिच्या हातांना नावं ठेवली. तुम्ही हसलात, कारण मी हसवलं. ते शब्द माझे होते. त्यांची मला लाज वाटते. कोंडी, मी तुझी माफी मागते."

कोणी हसले नाही. एखादे पोर हसले असते तर बाईंना बरे वाटले असते. दोनशे मुले त्यांच्याकडे पाहत होती; कोंडी मात्र जमिनीकडे. तिने मान वर केली नाही, हलवलीही नाही. क्षमा केली की नाही, ते बाईंना कळले नाही, आणि विचारण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही एवढे त्यांना उमगले.

त्यांनी तिथेच, सर्वांसमोर, कोंडीच्या नावाच्या कागदावर सही केली.

मधल्या सुट्टीनंतर समिधा मॅडमनी पेटीतली जादा मोटर बसवली. कोंडी पुन्हा ड्रोनपाशी उकिडवी बसली. पहिले पाते, दुसरे पाते. तिसऱ्यापाशी ती थांबली. पुन्हा फिरवले, कान लावला, पुन्हा फिरवले. ऊन भाजत होते, मुले चुळबुळत होती. सवयीने समिधा मॅडमनी बाईंकडे पाहिले. बाई कोंडीकडे पाहत राहिल्या. पुडी त्यांच्या मुठीत होती.

बराच वेळ गेला.

"हं," कोंडी शेवटी म्हणाली आणि उठली. "बाई, जरा मागं सरा. पाती लागतील."

बाई मागे सरल्या.

"आनखी."

बाई आणखी मागे सरल्या.