गप्पूला फक्त मराठी येतं

मी गप्पू बोलतोय. हसू नका, मोज्यालाही कधीकधी वाचा फुटते. जन्मानं मी राखाडी लोकरी मोजा. माझा जोडीदार धुण्याच्या मशीनमध्ये गेला तो गेलाच. मीही चिंध्यांतच जायचो, पण घरातल्या आजीनं मला दोन बटणांचे डोळे लावले, तांबड्या कापडाची जीभ शिवली आणि लेकीच्या हातावर चढवलं.

ही लेक संशोधक. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांची घरची भाषा कशी टिकेल, हा तिचा अभ्यास. त्याला कारण होतं. ती लहान असताना तिच्या वर्गबाईंनी आजीला बजावलं होतं, "घरीसुद्धा शाळेचीच भाषा बोला, नाहीतर पोर मागं पडेल." आजीनं ऐकलं. ती भाषा काही तिला जमली नाही, आणि हळूहळू ती लेकीशी कामापुरतंच बोलू लागली. अशा गप्प घरांत गप्पा याव्यात म्हणून मी गप्पू!

माझ्या पोटापाण्याचा नियम एकच. अशा मुलांच्या वर्गात गेल्यागेल्या ही लेक, म्हणजे पोरांच्या बाई, सांगायच्या, "गप्पूला फक्त मराठी येतं हं." मग एरवी शाळेच्या भाषेत फाडफाड बोलणारी पोरं माझ्यासाठी अडखळत मराठी शब्द शोधायची. चुकायची, पण लाजायची नाहीत, कारण मी त्यांच्याहून ढ.

माझी सगळ्यांत जास्त कीव यायची बाईंच्या स्वतःच्या मुलीला. आजी लाडानं तिला ठकी म्हणते. आईला ती शाळेच्या भाषेत उत्तर द्यायची, माझ्याशी मात्र मराठीत बोलायची. आजी शेजारीच बसलेली असली तरी म्हणायची, "गप्पू, आजीला सांग ना, मला कोणी खेळायला घेत नाही." आजी ऐकायची आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. तो हात कुणासाठी होता, ते मला कळायचं.

मग एकदा बाईंच्या या प्रकल्पाला पैसे द्यायचे की नाही ते ठरवणारे पाहुणे वर्ग बघायला आले. त्यांना मराठीचं अक्षर कळेना. चेहरे आंबट. माझ्या आत बाईंच्या हाताला घाम फुटला, आणि माझं तोंड उघडून त्यांनी शाळेच्या भाषेत एक फर्मास विनोद केला. पाहुणे पोट धरधरून हसले.

पहिल्या रांगेतली ठकी उभी राहिली.

"गप्पू, तुला येतं?"

ज्या हातावर विसंबलो, त्यानंच केसानं गळा कापला होता.

घरी आई म्हणाली, "अगं, गंमत केली मी." ठकीनं शाळेच्या भाषेत उत्तर दिलं, "तुम्ही दोघं खोटारडे आहात," आणि दार लावून घेतलं.

आजी लेकीला म्हणाली, "माझं तोंड परक्या बाईनं बंद केलं होतं. हिचं तू केलंस."

प्रकल्प मंजूर झाला. अहवालावर माझा फोटो आहे, आ वासलेला. मी असतो कपाटावर, धूळ खात. खाली जेवताना ठकी आजीला बोटानं भांडी दाखवते, आजी वाढते. दोघींमध्ये आता मीही नाही.

कुणी त्या घरी गेलात, तर ठकीला माझा एवढा निरोप द्या. मराठीतच द्या, मला दुसरी भाषा नाही. म्हणावं, गप्पूला खरंच येत नव्हतं गं. येत होतं ते त्या हाताला.