गंगम्माची अंगठी

हायड्रोजनचा फुगा सकाळी जेवढा होता तेवढाच होता. साक्षीने तो बोटांनी दाबून पाहिला; आतला वायू वापरलाच गेला नव्हता. अभिक्रिया घडवणारं पॅलॅडियम चौथ्यांदा मेलं होतं. एवढा महागामोलाचा धातू, पण गंधकाचा अंश लागला की काही कामाचा राहत नाही.

त्याआधीच्या पायरीत नायट्रो संयुगाचं अमाइन करायला ती डायथायोनाइट वापरायची, त्यातून गंधक यायचंच. पण ते तर ती गाळून काढत होती. मग उरलं कुठून? नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत भांडी घासायला देगलूरकडची गंगम्मा होती. भांड्यांत राहिलं म्हणून तिच्यावर ढकलणं सोपं होतं, आणि साक्षीने ते केलं.

चाकूरहून वडिलांनी, आबांनी, निक्षून सांगितलं होतं, "शनिवारपर्यंत तुझा ह्यो शेवटचा प्रयोग झाला तर पाहुण्यांना थांबा म्हणतो. न्हाई तर रविवारी लातूरला बस्ता." लग्नाच्या कपड्यांचा बस्ता एकदा बांधला की पीएचडी संपली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बुधवारी गंगम्मा चांदीची अंगठी दाखवायला आली. "ताई, बघा की. तुमची भांडी घासली की काळी पडून राहिली. दुसऱ्यांची घासली तर न्हाई पडत."

"मला अंगठ्या बघायला वेळ नाही. आधी भांडी नीट घासा."

गंगम्मा पुन्हा भांड्यांकडे वळली.

शुक्रवारी पाचवा फुगाही तसाच राहिला, तेव्हा कुठे साक्षीला ती काळी अंगठी आठवली. तिने ती मागून घेतली, घासून लख्ख केली आणि आपल्या शुद्ध म्हणवणाऱ्या अमाइनच्या द्रावणात बुडवली. बघता बघता चांदी काळवंडली; तिला असं काळं करतं ते गंधकच. साक्षी स्टुलावर बसून रडली. अमाइन आम्लात विरघळतं, गंधक विरघळत नाही; ते दुधासारखं तरंगतं आणि खाली बसायला रात्र घेतं. शनिवारच्या धास्तीने ती लगेच गाळत होती आणि बारीक गंधक कागदातून निसटत होतं. घाई हिची, बोलणी गंगम्माला.

"चुकलं माझं," ती गंगम्माला म्हणाली.

उरलेलं दोन ग्रॅम अमाइन तिने आम्लात टाकलं आणि रात्रभर हात लावला नाही. शनिवारी तळाला पिवळा थर बसला होता. दुहेरी कागदातून गाळलं, अल्कली घालून अमाइन वेगळं केलं. त्यात बुडवलेली अंगठी पांढरीच राहिली. पण फुगा लावेपर्यंत संध्याकाळ झाली होती.

रविवारी दुपारी फुगा सुरकुतलेला दिसला. तिने फोन लावला.

"आबा, झालं. खरंच झालं."

पलीकडे दुकानातला गलका होता. "बस्ता बांधून झाला गं पोरी. शब्द गेला माझा. दोन दिवस आधी झालं असतं तर बोललो असतो."

अंगठी दाखवलेला बुधवार ते ती आठवलेला शुक्रवार, दोनच दिवस. गंगम्मा अंगठी न्यायला दारात उभी होती. साक्षीने ती तिच्या हातावर ठेवली, पण वर मान करून तिच्याकडे बघायचं काही तिला जमलं नाही.