दोन सुतांची फट

भीमरावांनी दोन फळ्यांच्या मधल्या फटीत मापाची पट्टी सरकवली आणि ती थेट आरपार गेली. पालथ्या घातलेल्या होडीखाली डोकं घालून त्यांनी वर पाहिलं, तर फटीतून चक्क आंब्याची पानं दिसली.

"दोन सूत! म्हणजे पाव इंच!" ते म्हणाले. "कौसाबाई, ही होडी आहे की चाळण?"

कौसाबाई जवळच दगडावर बसून बियाण्याचं भात निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दोन उन्हालं कोरडी पडली ना, भाऊ. आटली ती. आधी बुडवूया तिला, मंग बघू."

"बुडवूया?"

"नाय तर काय."

बाई वैतागून बोलतेय, असं भीमरावांना वाटलं. वैतागायला कारणही होतं. तिचं घर बारवी धरणाच्या पाण्याच्या या काठाला आणि भाताचं शेत पलीकडच्या. मधे एवढंसं पाणी, पण पायी वळसा घालायचा तर अर्धा दिवस जातो, आणि डोक्यावर खताचं पोतं घेऊन कोण किती वेळा जाणार? नवरा हिरामण होता तोवर दोन माणसं आणि एक पोतं मावेल एवढी ही अरुंद होडी रोज ये-जा करायची. तो गेल्यापासून ती आंब्याखाली पालथी पडली होती आणि शेतही दोन वर्षं पडीक होतं. यंदा मृगाच्या आत बियाणं पलीकडे पोचलं नाही तर तिसरं वर्ष. पडीक जमिनीवर मग दहा जणांचे डोळे फिरायला लागतात.

"बुडवायची वेळ येणार नाही," भीमराव म्हणाले. "मी आहे ना."

कारखान्यात अकरा वर्षं हिरामण त्यांच्या हाताखाली हेल्पर होता. स्वतः भीमराव चौतीस वर्षं फिटर. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं आणि शिरगावच्या घरातले सगळे नळ, सगळ्या कड्या, शेजाऱ्यांचे पंखेसुद्धा दुरुस्त करून झाले होते. हात नुसते शिवशिवत होते. त्यामुळे कौसाबाईनं होडीचा विषय काढला मात्र, यांनी बाह्या सरसावल्या.

खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. घरात बसवत नव्हतं.

लेक मैत्रेयी चौदा एप्रिलला जयंतीसाठी माहेरी आली होती. मिरवणूक झाली, निळ्या पताका उतरल्या, मांडवाचे बांबू गेले, आणि ही काही परत गेली नाही. आता मे संपत आला होता. पहिले आठ दिवस कोणी काही विचारलं नाही. मग भीमरावांनी विचारायला सुरुवात केली, ती रोज.

"राजेंद्र मारतो का?"

"नाही, बाबा."

"पितो?"

"नाही."

"सासू काही बोलली?"

"त्या बिचाऱ्या कशाला बोलतील?"

"मग झालंय तरी काय?"

"काही नाही झालं."

भीमराव चक्रावून गेले होते. बिघाड कुठे आहे ते कळल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हे त्यांनी कारखान्यातल्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं. इथे सगळे भाग जागच्या जागी आणि मशीन बंद! बरं, स्थळ त्यांनी स्वतः शोधलेलं. पत्रिका वगैरे बघणाऱ्यांतले ते नव्हेत, पण बाकी सगळी मापं त्यांनी घेतली होती: शिक्षण, नोकरी, अंबरनाथला स्वतःचं घर, मुलाची उंचीसुद्धा. कुठे सुताचा फरक नाही. मैत्रेयी तेव्हा एकदाच म्हणाली होती, "बाबा, थोडं थांबूया का?" आणि ते म्हणाले होते की चांगली स्थळं कुणासाठी थांबत नाहीत. झालं. दीड महिन्यात लग्न उरकलं होतं.

आता व्याही जयदेवराव रविवारी तिला न्यायला येणार होते. भीमरावांनी फोनवर "या" म्हणून शब्द दिला होता. ते ऐकून मैत्रेयी आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं भीमरावांना त्या क्षणापासून वाटत होतं.

मंगळवारी ते स्कूटर काढून उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले. ओळखीच्या सिंधी दुकानदारानं पत्रा कापून दिला, आठ नट-बोल्ट आणि रबरी वॉशर मोजून ठेवले आणि विचारलं, "साईं, कौनसे मशीन का काम निकाला?"

"नाव का."

"नाव?" त्यानं काउंटरवरून वाकून यांच्या पायांकडे पाहिलं, जणू ते तिथूनच भिजायला लागलेत. "लकड़ी में बोल्ट मारोगे?"

"मारना पड़ेगा. पानी आता है."

बुधवारी त्यांनी होडी सरळ करून सगळ्यात मोठी फट आधी घेतली. दोन्ही फळ्या शिकंज्यात धरून आवळल्या, फट मिटवली, आतून पत्रा बसवला आणि आठही बोल्ट ताकद लावून पिळले. काम असं देखणं झालं की त्यांनी दोनदा लांब जाऊन पाहिलं.

"एवढा आवळू नका, भाऊ," कौसाबाई म्हणाली. "तिला थोडी जागा ठेवा."

"जागा ठेवली तर पाणी येईल ना!"

"येऊ दे की थोडा."

भीमराव नुसते हसले. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणाले मनातल्या मनात. बाकीच्या फटी उद्या घेऊ, असं सांगून ते घरी गेले.

गुरुवारी सकाळी येऊन पाहतात तो आंब्याखाली होडी नाही.

मातीत ओढत नेल्याची खूण तेवढी होती. तिच्या मागोमाग ते काठापर्यंत गेले. चार पावलांवर, हातभर पाण्याखाली, होडी तळाशी बसली होती. आत दगड भरले होते आणि दगडांच्या बाजूला त्यांचा नवा पत्रा चकाकत होता. असं कोण करेल? गरीब बाईशी एवढं वैर कोणाचं असेल? चप्पल काढायचंही भान राहिलं नाही. ते तसेच पाण्यात शिरले आणि एकेक दगड उचलून बाहेर फेकू लागले.

"अवो, अवो! काय करता, भाऊ?" डोक्यावरची मोळी टाकून कौसाबाई धावत आली.

"कोणीतरी होडी बुडवली तुमची!"

"कोनीतरी कशाला? मीच बुडवली. मी नि माझी जाऊ विठा, दोघींनी वडली. कंबरडा मोडला आमचा."

दगड हातात धरून भीमराव तसेच उभे राहिले. त्यांना तिचा राग आला, वाईटही वाटलं. माझं काम पसंत नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं, असं काहीतरी बोलायचं होतं, तोंडातून निघालं एवढंच: "पण का?"

"सोमवारीच सांगला ना, आधी बुडवूया म्हनून." कौसाबाई काठावर बसली. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. "लोखंड नाय ते. लाकूड हाय, तहानलेला हाय. आता बघाल तर समद्या फटीच फटी. त्यातली खरी कंची, खोटी कंची, तुमाला कललं? मला बी नाय कलत. चार दिस पान्यात ऱ्हाऊ दे. लाकूड पानी पितं, फुगतं. ज्या फटी आपसूक मिटायच्या त्या मिटतात. मागं उरंल ती खरी. तेवढीच भरायची."

"आणि तोवर?"

"तोवर काय? तोवर बसायचा."

भीमराव पाण्यात उभेच होते. "हिरामण मला कधी बोलला नाही हे."

"तुमी कधी इचारलात?"

अकरा वर्षं ते हिरामणला "हा पाना दे, तो पाना दे" म्हणत आले होते. तो पाने देत आला होता. रोज संध्याकाळी होडी वल्हवत शेतावर जाणाऱ्या माणसाला त्यांनी होडीबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

खाली वाकून ते फेकलेले दगड गोळा करू लागले. एकेक आणून होडीत जागच्या जागी ठेवू लागले. एखादी वस्तू दुरुस्त व्हावी म्हणून तिच्यावर दगड ठेवायचे, हे त्यांना अजूनही धड पटलेलं नव्हतं. तरी ठेवले.

त्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे आतल्या खोलीच्या दारापाशी गेले. हात वर गेला, पण दार वाजलं नाही. थोडा वेळ ते तिथे घुटमळले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन जेवायला बसले. इंदुबाईंनी नवऱ्याकडे दोनदा पाहिलं. तब्येत बरी नसेल, असं समजून त्यांनी ताटात लोणचं वाढलं नाही.

शनिवारी फोन वाजला.

"जय भीम, व्याही," पलीकडून जयदेवराव म्हणाले. "उद्या अकरापर्यंत येतो. सुनबाईला तयार राहायला सांगा."

"जय भीम." भीमरावांनी तारेचा पीळ बोटाभोवती गुंडाळला. "उद्या नका येऊ."

"का? काही कळलं का?"

"नाही. काहीच कळलं नाही. म्हणूनच म्हणतो."

"मग कधी येऊ?"

"सांगता येत नाही. ते लाकडावर आहे."

"कशावर?"

"म्हणजे... ती अजून पाण्यात आहे."

"पाण्यात? अहो, कोण पाण्यात? भीमराव, पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. मी कळवतो," असं म्हणून त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला. आपण काय बोललो याचा अर्थ त्यांना स्वतःलाही लागेना.

इंदुबाईंनी कपाळाला हात लावला. "डोकं फिरलंय तुमचं. दिलेला शब्द मोडलात, आणि वर काय, तर पोरगी पाण्यात! आता तिथे रडारड सुरू झाली असेल."

भीमराव वळून पाहतात तो आतल्या खोलीचं दार उघडं. मैत्रेयी चौकटीत उभी होती, अर्धी वेणी घातलेली, हातात कंगवा. सहा आठवड्यांत तिनं आपण होऊन काही विचारलं नव्हतं.

"होडी उद्या काढणार ना?" तिनं विचारलं. "मी येऊ?"

रविवारी सकाळी दोघं पोचले तेव्हा कौसाबाईनं चुलीवर डांबर तापत ठेवलं होतं. बियाण्याचं पोतं बांधून काठाशी आणलं होतं. विठाही आली होती. चौघांनी मिळून दगड काढले. होडी जागची हलली, तिरकी झाली, आणि मग तिला काठाला टेकवून मैत्रेयीनं तेलाच्या रिकाम्या डब्यानं पाणी उपसायला घेतलं. साडीचा पदर खोचून ती असं झपाझप उपसत होती की भीमराव बघतच राहिले. लग्नाआधी ती अशीच होती. मधल्या काळात आपण हे विसरूनच गेलो होतो, हे त्यांना आत्ता कळलं.

पाणी तळाला गेलं. भीमरावांनी खिशातून मापाची पट्टी काढून पहिल्या फटीला लावली. शिरेना. दुसरीत शिरेना. तिसरीत नख घालून पाहिलं, तेही शिरेना. सोमवारी जिथून आंब्याची पानं दिसली होती तिथे फळीला फळी भिडून बसली होती. त्यांनी आपली पट्टी उलटसुलट करून पाहिली, जणू तीच चुकत होती.

"आता बघा," कौसाबाई म्हणाली.

तळाशी एका जागी पाणी परत जमत होतं. बारीक धार होती, पण थांबत नव्हती. मैत्रेयीनं तिथला गाळ हातानं बाजूला केला. पत्रा चकाकला. पत्र्याखालची फळी पाणी पिऊन फुगली होती, तिला सरकायला जागा मिळाली नव्हती, आणि एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंत ती वीतभर तडकली होती.

"ही खरी," कौसाबाई म्हणाली. तिनं चिरेवरून बोट फिरवलं. भीमरावांकडे तिरकं पाहत, थट्टेनं विचारलं, "ह्या कोनी केला?"

भीमरावांना बरंच काही बोलता आलं असतं. लाकूड जुनं होतं. पत्रा जाड निघाला. त्यांनी मान वर केली. मैत्रेयीचा डबा हातातच थांबला होता आणि ती त्या चिरेकडे बघत होती.

"मी," भीमराव म्हणाले. "मीच केलं. घाई केली. ती म्हणत होती, थोडं थांबूया. मी ऐकलं नाही तिचं."

"ती कंची? मीच तर—" कौसाबाई बोलू लागली. मग तिनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि डांबर बघायला चुलीकडे निघून गेली.

होडीत पुन्हा बोटभर पाणी जमलं. मैत्रेयीनं डबा खाली ठेवला. पदरानं पुसले, आधी हात, मग डोळे. वडिलांची हत्यारांची पिशवी पुढे ओढून तिनं आत हात घातला आणि एक पाना काढला. न विचारता, बरोबर त्या बोल्टच्या मापाचा.

"मग काढा ना, बाबा," तिनं तो त्यांच्यापुढे धरला.