गंगीचा उजवा हात

दिग्रसला कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत अर्पिताचा दवाखाना होता. निसर्गोपचाराची पदवी घेऊन पहिली आठ वर्षं तिनं पुसदला लोकांच्या पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवण्यात आणि त्यांचा चहा सोडवण्यात काढली होती. पट्टी ठेवली की काही बाया रडायला लागत. का रडलो हे त्यांना सांगता यायचं नाही, आणि अशा वेळी काय करावं हे अर्पिताला कळायचं नाही. म्हणून पस्तिशीत तिनं पुण्याला ये-जा करत तीन वर्षं मानसोपचार शिकून घेतला, आणि तोही असा, ज्यात बोलण्याइतकंच लक्ष शरीराकडे द्यायचं असतं. श्वास कुठं अडतो, खांदा कधी आवळतो, कशाची आठवण निघाली की पाय गार पडतात. दिग्रसचे लोक मात्र तिला मातीवाली डॉक्टरीणच म्हणत.

दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई राहत. आई, इंदूबाई, सत्तरीच्या होत्या. अर्पिता नऊ वर्षांची असताना वडील, सदाशिवराव, वारले आणि इंदूबाईंनी बारा एकर शेत एकटीनं सांभाळलं. मुलीला यवतमाळला होस्टेलात ठेवलं, तिच्या शिक्षणात काही कमी पडू दिलं नाही. जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं मात्र त्यांच्याच्यानं झालं नाही. आपल्याला त्याचं आता काही वाटत नाही, असं अर्पिता धरून चालली होती.

गंगी आली ती श्रावणात. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरची, चौतीस वर्षांची. आदल्या वर्षी कापूस वेचून परत येताना ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली होती. गंगी वाचली, तिची धाकटी बहीण पुष्पा तिच्या शेजारीच गेली. मदत येईपर्यंत गंगीनं बहिणीचा हात आपल्या उजव्या हातात धरून ठेवला होता. तेव्हापासून तो हात बधिर होता. सगळ्या तपासण्या झाल्या, नसा चांगल्या निघाल्या. शेवटी एका डॉक्टरनं तिच्या नवऱ्याला, शंकरसिंगला, अर्पिताचा पत्ता दिला.

अर्पितानं घाई केली नाही. पहिले चार आठवडे अपघाताचा विषयसुद्धा काढला नाही. गंगीनं पाय जमिनीवर टेकवून बसायचं, पाठीला भिंतीचा आधार कसा लागतो ते सांगायचं, श्वास छातीत अडला की थांबायचं. पाचव्या आठवड्यात ती ट्रॉलीच्या आवाजाबद्दल दोन वाक्यं बोलली आणि तिच्या अंगठ्यात मुंग्या आल्या. त्या दिवशी अर्पिताला जेवणही गोड लागलं.

गंगीची एसटी नऊला यायची आणि तिची वेळ असायची अकराची. मधले दोन तास ती ओट्यावर बसून राही. एका गुरुवारी इंदूबाईंनी तिला आत बोलावलं आणि सुपात तुरीची डाळ घालून समोर ठेवली, निवडायला. मग ते दर गुरुवारचं झालं. अर्पिता पहिल्या पेशंटजवळ बसलेली असताना मागून दोघींचं बोलणं ऐकू यायचं, मधूनच आईचं हसणं. आई हसते कशी हे अर्पिता विसरून गेली होती. गंगी इंदूबाईंना याडी म्हणू लागली. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई.

आश्विनातल्या एका गुरुवारी अर्पिता पाणी प्यायला आत गेली. आई जमिनीवर बसली होती. गंगीचा उजवा हात मांडीवर घेऊन कोमट जवसाचं तेल एकेका बोटाला चोळत होती. गंगीचे डोळे मिटलेले होते. अर्पिता पाणी न पिताच मागे फिरली.

अकराला गंगी खोलीत आली ती मोकळ्या चेहऱ्यानं.

"ताई, आज हात जागा झाला," ती म्हणाली. "याडीच्या मांडीवर होता. पुष्पाचा हात कसा गार पडत गेला, थे सारं आठोलं अन् मी रडली. येथं मले रडू येत नाही."

दोन महिने अर्पिता ज्याची वाट पाहत होती, ते स्वयंपाकघरात घडून गेलं होतं. आपल्याला आनंद व्हायला पाहिजे हे तिला ठाऊक होतं. तो झाला नाही. दात आवळले गेले, कान तापले. समोरच्या बाईला असं होताना दिसलं असतं तर तिनं हळूच विचारलं असतं, आता काय वाटतंय. स्वतःला तिनं काही विचारलं नाही.

तिनं गंगीला सांगितलं की उपचार एकाच ठिकाणी व्हावा लागतो, दुसऱ्या कुणी असं चोळलं तर हात कायमचा बिघडू शकतो. हे खोटं होतं. मग तिनं गंगीला सोमवारी दुपारची वेळ दिली, कारण सोमवारी इंदूबाई शेतावर जात. गंगीनं एकदा मागच्या दाराकडं पाहिलं आणि मान हलवली.

ती सोमवारी यायची, विचारलं तेवढं सांगायची, जायची. मुंग्या थांबल्या. तिसऱ्या सोमवारी तिनं हात पदराखाली झाकून ठेवला. चौथ्या सोमवारी ती आलीच नाही.

इंदूबाईंनी दोनदा विचारलं. अर्पितानं सांगितलं, बरी झाली, आता गरज राहिली नाही. इंदूबाईंनी दिवाळीच्या फराळाचा डबा भरला आणि एसटीनं एकट्याच तांड्यावर जाऊन आल्या. आल्या त्या थेट दवाखान्यात, जिथं त्या एरवी पाऊल टाकत नसत, आणि पेशंटच्या खुर्चीवर बसल्या.

"थे डाव्या हातानं कापूस वेचून राह्यली," त्या म्हणाल्या. "म्हणते, याडी, तुह्या चोळण्यानं माहा हात बिघडते म्हणे. काहून सांगतलं तू तिले असं?"

अर्पितानं आधी उपचाराच्या शिस्तीबद्दल काहीतरी सांगून पाहिलं. इंदूबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न परत विचारला.

"तू माहा हात घेतला होता कधी असा?" अर्पिता म्हणाली.

बाहेर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे वळत होत्या. इंदूबाई रागावल्या नाहीत, उठूनही गेल्या नाहीत.

"नाही घेतला," त्या म्हणाल्या. "तुहा बाप गेला तवा तू रडत आलती माह्याजवळ. मले वाटलं, हिले आता जवळ घेतलं त मी उभीच राह्यणार नाही. पेरणी तोंडावर होती. मंग तुले होस्टेलात टाकलं. मंग तू मोठी झाली, अन् तुले हात लावाचं मले भेव वाटे. गंगीचं नाही वाटत." मग त्यांनी विचारलं, "पन थ्या पोरीनं काय केलं होतं तुहं?"



नागपूरच्या विमलताई तिच्या गुरू. दर पंधरा दिवसांनी ती त्यांच्याशी फोनवर आपल्या कामाबद्दल बोलायची. मागच्या दोन फोनमध्ये तिनं गंगीचं नाव टाळलं होतं. या वेळी सगळं सांगितलं. विमलताईंनी समजूत घातली नाही. हेवा कुणालाही वाटतो, त्या म्हणाल्या, पण तू पेशंटला घाबरवून तिचा आधार तोडलास. हे तिला जाऊन सांग, आणि तिला दुसरीकडे जायचं असेल तर ती वाटही मोकळी करून दे.

दुसऱ्या दिवशी अर्पिता तांड्यावर गेली. गंगी मागच्या वावरात होती, कंबरेला ओटी बांधून डाव्या हातानं कापूस वेचत. बाकीच्या बाया बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या. अर्पितानं तिच्याजवळ उभं राहून सांगितलं की आपण खोटं बोललो, आईच्या चोळण्यानं हाताला काहीच अपाय नव्हता, उलट तो सुधारत होता. यवतमाळला आपल्या ओळखीची दुसरी उपचार करणारी बाई आहे, तिच्याकडे जायचं असेल तर तिच्याशी बोलून ठेवते.

गंगीचा हात थांबला. "मंग खोटं काहून बोलल्या?"

"मी जळली तुमच्यावर," अर्पिता म्हणाली. "माही माय तुमच्याजवळ बसते, तशी माह्याजवळ कधी बसली नाही."

गंगीला राग आला होता आणि तिनं तो लपवला नाही.

"बिघडन म्हणून मी या हातानं पोरीची वेणी घातली नाही," ती म्हणाली. "महिनाभर माह्याच हाताले भेत होती मी."

अर्पितानं ते ऐकून घेतलं. माफ करा म्हणाली आणि त्यापुढे काही जोडलं नाही. गंगीनं बराच वेळ डाव्या हातानं कापूस वेचला. मग म्हणाली, यवतमाळला कोण जाते एवढ्या दूर. दिग्रसलाच येईन, पण गुरुवारीच, आणि आधी याडीजवळ बसेन. दोनदा येऊन पाहते. नाही पटलं तर येणार नाही.

ती आली. खुर्चीत बसली आणि म्हणाली की तुमच्यावरचा राग गेला नाही. तो अंगात कुठं आहे असं अर्पितानं विचारलं. गंगी म्हणाली, उजव्या मुठीत. अर्पितानं एक जाड टॉवेल आणला, एक टोक तिला दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि जोर लावून ओढायला सांगितलं. गंगीनं ओढलं, इतकं की अर्पिता खुर्चीवरून पुढे आली. मग गंगीनं परत ओढलं. सहाव्या-सातव्या वेळी ती रडायला लागली, बहिणीचं नाव घेत. टॉवेल तिनं सोडला नाही. अर्पितानंही सोडला नाही.

संक्रांतीपर्यंत गंगी दोन्ही हातांनी कापूस वेचू लागली. मायलेकींत मात्र फार काही बदललं नाही. एकदा भाकरी वाढता वाढता इंदूबाई थांबल्या, काही बोलणार असं अर्पिताला वाटलं. भाजीत मीठ कमी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. गुरुवारी मागून दोघींचं हसणं आलं की अर्पिताला अजूनही हेवा वाटायचा. तो वाटला हे ती मनाशी कबूल करायची आणि समोरच्या पेशंटकडे वळायची.

फाल्गुनात गंगीनं सांगितलं की आता येण्याची गरज वाटत नाही. इंदूबाई तिला पोचवायला स्टँडपर्यंत चालत गेल्या. त्यांना गल्लीच्या वळणावर दिसेनासं होताना पाहून अर्पिताला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटकेची लाज वाटली. पुढच्या फोनवर विमलताईंना तिनं सगळ्यात आधी हेच सांगितलं.