वाल्देमिरो सरांची एन्ट्रॉपी

रिओतल्या त्या भौतिकशास्त्र संस्थेत वाल्देमिरो सरांच्या एन्ट्रॉपीबद्दल वावगं बोलायची सोय नव्हती. एन्ट्रॉपी म्हणजे व्यवस्थेतल्या विस्कटलेपणाचं माप. तिच्यामागचं जुनं गृहीतक असं, की पुरेसा वेळ दिला तर कुठलीही व्यवस्था तिला शक्य त्या सगळ्या अवस्थांमधून फिरून येते. काही व्यवस्था मात्र एकाच कोपऱ्यात ठाण मांडतात. त्यांच्यासाठी सरांनी एन्ट्रॉपीचं नवं सूत्र काढलं होतं. त्यात एक जादा अक्षर होतं. त्या अक्षराची किंमत बेताने निवडली की सूत्र भूकंपाला लागू पडायचं, शेअर बाजाराला लागू पडायचं, एकदा तर सांबा नाचाच्या मिरवणुकीलाही लागू पडलं.

सरांच्या सत्तरीच्या सत्कारात झुरेमा भाषण देणार होती. दूर उत्तरेतल्या बेलेमहून आलेल्या या मुलीला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा सरांनीच तिला शिष्या करून घेतलं होतं. भाषणासाठी तिने संगणकात एकमेकांना ओढणारे असंख्य भोवरे फिरवले. ते एकाच कोपऱ्यात अडकले, अगदी सरांच्या सूत्राबरहुकूम. मग कार्निव्हल आला. संगणक तसाच चालू ठेवून ती नाचायला गेली. परत येऊन बघते तर भोवरे सुटलेले, आणि जुन्या एन्ट्रॉपीप्रमाणे निमूट स्थिरावलेले.

ती सरांकडे धावली.

"सर, जास्त थांबलं की ते सुटतात हो!"

"मग तू थांबतेस कशाला?" सर कॉफी ढवळत म्हणाले. "ते सुटायच्या आधीच आलेख काप."

"ते खोटं होईल."

"खोटं नाही गं, अपुरं. अपुरेपणावर तर संस्था चालते."

सत्काराच्या दिवशी झुरेमाने अख्खा आलेख दाखवला. सर उठले.

"पोरीने माझ्या सूत्राला नवी उंची दिली! सुटायचा वेळ मोजायला आता दुसरं अक्षर लागणार. ते मी आजच जाहीर करतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. केक भरवताना सर तिच्या कानात म्हणाले, "तुझ्याच नावाचं अक्षर घेतलंय. खूश?"

"दुसरं घ्या, सर. माझं नको."

सरांचा चेहरा पडला. तिने उरलेला केक बशीत परत ठेवला.

त्या आलेखावरचा निबंध तिने स्वतःच्या नावाने एका नियतकालिकाकडे छापायला धाडला. निनावी परीक्षकाचा शेरा आला: काम उत्तम, मात्र प्राध्यापक वाल्देमिरोंच्या निबंधांचे संदर्भ फारच कमी. झुरेमाने एकच संदर्भ घातला. सरांनी तरुणपणी जुन्या एन्ट्रॉपीवर लिहिलेल्या निबंधाचा. तो खरोखर सुंदर होता.