खोडलेला शब्द

बत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या मेट्रनबाई निवृत्त झाल्या, पण हाताखाली कुणीतरी असल्याशिवाय त्यांना करमत नसे. मुलगा जहाजावर इंजिनिअर. त्याने लग्न केलं ते स्पॅनिश बोलणाऱ्या मुलीशी, आणि लग्नानंतर चौथ्या महिन्यात बायकोला आईकडे सोडून तो सहा महिन्यांसाठी समुद्रावर गेला. सुनेला मराठीत पाच-सहा शब्द येत. त्यातला 'ठीक' दिवसभर चाले. मग बाईच हट्टाने स्पॅनिशच्या वर्गाला जाऊ लागल्या.

एकदा मास्तरांनी गृहपाठ दिला: घरातल्या एका माणसाची मनःस्थिती आठवडाभर रोज एका ओळीत लिहा. हे काम म्हणजे बाईंच्या हातचा मळ. वॉर्डात रोज तेच तर लिहिलं होतं: रुग्ण शांत, तक्रार नाही. त्यांनी लिहिलं, "सून कोन्तेन्ता आहे." म्हणजे आनंदात. वही रीतसर सुनेला तपासायला दिली.

सुनेने 'कोन्तेन्ता' खोडून वर लिहिलं, 'अगोबियादा'. बाई खूश! पोरीने चांगला वजनदार शब्द सुचवला म्हणायचा. अर्थ बघायचे कष्ट कोण घेतो? उरलेले सहा दिवस त्यांनी तोच शब्द वळणदार अक्षरात लिहिला. सुनेने पुढे एकही ओळ खोडली नाही.

वर्गात बाईंनी सातही ओळी खणखणीत वाचल्या. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी वही मागून घेतली आणि पहिल्या ओळीतला खोडलेला शब्द पाहिला.

"तुमचं पहिलं वाक्य बरोबर होतं, बाई. शब्द कुणी बदलला?"

"सुनेने. का हो?"

"अगोबियादा म्हणजे जीव गुदमरलेली."

बाईंनी वही मिटली. आपण सहा दिवस तिचं दुखणं सुवाच्य अक्षरात उतरवत होतो, याची त्यांना लाज वाटली. पोरगी मुलाला काही न कळवता निघून गेली तर? वर्ग अर्धा टाकून त्या तडक घरी आल्या आणि थेट सुनेच्या खोलीत शिरल्या. ती पलंगावर गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"माझ्यामुळे?" बाईंनी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं.

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. "हो," ती मराठीत म्हणाली.

बाईंना ते झोंबलं. तिची अंथरुणं आपण घालतो, कपड्यांच्या घड्या करून ठेवतो, दर तासाला येऊन विचारपूस करतो, एवढं कोण करतं? सगळं जिभेवर आलं होतं. पण एवढं स्पॅनिश त्यांना येत नव्हतं, हे बरंच झालं.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

सून शब्द शोधत राहिली. सापडेनात, तेव्हा तिने दाराकडे बोट केलं आणि हवेतच दोनदा टकटक केलं.

बाई उठल्या. बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि दोनदा वाजवलं. आतून उत्तर यायला वेळ लागला. त्या थांबल्या.