पांढऱ्या पेशींची उपासमार

१९४६ सालच्या त्या सोमवारी क्षमा नेहमीप्रमाणे सकाळीच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आली. रसायनशास्त्र शिकलेली मुलगी सांगलीत तेव्हा विरळाच. माणसाच्या रक्तातून रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, साखरेच्या पाण्यासह कुपीत बंद करायच्या आणि त्या किती प्राणवायू घेतात ते मोजायचं, हे तिचं काम. पेशी श्वास घेऊ लागल्या की काचेच्या नळीतलं रंगीत पाणी सरके. जितकं जास्त सरके, तितकी त्यांच्यात धमक.

आज कुपीत तिच्या वहिनीचं रक्त होतं. लीलाबाई चोवीस वर्षांची, तीन वर्षांपूर्वी विधवा झालेली. पायाला विळी लागून महिना उलटला, तरी जखम भरत नव्हती. आता ताप येऊ लागला होता.

बाटल्या धुणारी साळूबाई नळीकडे बघत म्हणाली, "आवं बाई, पानी हालंना की! माजं रगात घेतलं तवा कसं सरसर पळालं हुतं. वैनी जेवत्यात का न्हाई?"

"एकच वेळ. त्यातही सोमवार, एकादशी, चातुर्मास."

"कुनी सांगितलं? म्याबी रांडावच हाय. धनी लढाईत गेला. पर भाकरी खायाला म्या कुनाला इचारत न्हाई."

क्षमाने तीनदा मोजून पाहिलं. तिन्ही वेळा तेच. दुपारी ती तरातरा घरी गेली. वडील अनंतराव वकील, स्त्रीशिक्षणावर सभा गाजवणारे.

"बाबा, वहिनीच्या रक्तात लढायची ताकदच उरलेली नाही. तिला दोन वेळचं जेवण द्या, दूध द्या."

"विधवेचा आचार कुपीत मोजायचा नसतो."

"मग काय मोजायचं? तिचे उरलेले दिवस?"

"क्षमा! तुला शिकवलं ते घराण्यावर शिंतोडे उडवायला नव्हे."

स्वयंपाकघरात लीलाबाई ठणकत्या पायावर उभी राहून सगळ्यांसाठी पुऱ्या तळत होती. स्वतः सकाळपासून निर्जळी. "जाऊ द्या, वन्सं," ती हळूच म्हणाली. "माझ्यामुळे घरात भांडण नको."

नवव्या दिवशी ती गेली. जखमेचं विष अंगभर पसरलं होतं. घरोब्याच्या डॉक्टरांनी कागदावर 'ताप' असं लिहून टाकलं.

तेराव्याला गोडाची पंगत बसली. अनंतराव म्हणाले, "क्षमा, लाडू वाढायला घे."

क्षमा पंगतीच्या मधोमध उभी राहिली. "जिला रात्रीचा घासभर भात दिला नाहीत, तिच्या नावाने लाडू खाता? ती तापाने गेली नाही. आपण तिला उपाशी मारलं. मी मोजलंय ते!"

"आवरा हो हिला!" कुणीतरी खेकसलं.

मागच्या दारात, लाल आलवणात, अनंतरावांची थोरली बहीण अंबूआत्या उभी होती. विधवा होऊन तिला चाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ती पंगतीला कधी बसली नव्हती. ती आत आली आणि रिकाम्या पाटावर बसली.

"वाढ गं मला. आणि रात्रीचा भातही लाव. आजपासून मी दोन्ही वेळा जेवणार."

अनंतराव ताडकन उठले. "अक्का, ऊठ! लोक बघताहेत."

"बघू देत की, अनंता," आत्या पान पुढे ओढत म्हणाली. "तुला बघवत नसेल तर तू बाहेर जा."

क्षमाने लाडवांचं ताट बाजूला सारलं आणि आत्याच्या पानात भात वाढला.